शाळेचा तपासणी अहवाल आणि पोषण आहाराचा करारनामा माहिती अधिकारात मागताय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

काही दिवसांपूर्वी एक आई नाकारलेला अर्ज घेऊन आली. अर्जात एकच लांब वाक्य होतं: "आमच्या मुलांच्या शाळेची तपासणी दरवर्षी नीट का होत नाही आणि खिचडीचा ठेका कोणाला व का दिला, याची संपूर्ण माहिती द्यावी." अठ्ठावीस दिवस वाट पाहिल्यावर उत्तर आलं की मागणी प्रश्नार्थक आणि मोघम आहे, विषय एकापेक्षा जास्त आहेत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तिला वाटलं, काहीतरी लपवताहेत. असेलही. पण या अर्जावर कोणत्याही कार्यालयाला हेच उत्तर देता आलं असतं, आणि माझ्यापर्यंत येणारे बहुतेक अर्ज असेच पडलेले असतात.

म्हणून पहिली गोष्ट: प्रश्न विचारू नका, कागद मागा. माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये 'माहिती' म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात असलेले अभिलेख, अहवाल, करार, नमुने वगैरे. 'का' आणि 'कसे' यांची उत्तरं नव्याने तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. 'तपासणी का झाली नाही?' या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. 'अमुक कालावधीतील तपासणी अहवालांच्या प्रती' मागितल्या की मात्र एकतर प्रती द्याव्या लागतात किंवा 'तपासणी झालेली नाही' असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ते दुसरं उत्तर हाती आलं तर तुमचं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट: एक अर्ज, एक विषय. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून ही अट आहे आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा आहे. तपासणी हा एक विषय, पोषण आहाराचा ठेका हा दुसरा. दोन अर्ज करा, दोन स्टॅम्प लावा. मात्र दोन विषय एकत्र आले म्हणून सगळा अर्जच फेटाळणं बरोबर नाही. पहिल्या विषयाची माहिती देऊन उरलेल्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगावं, अशी सोय त्याच नियमात आहे. त्या आईला आम्ही पहिलं अपील, म्हणजे त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मागायची दाद, याच मुद्द्यावर करायला लावलं.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांत दिलेल्या अर्जाच्या नमुन्यात करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि पोच घ्यायची. हक्क भारतीय नागरिकाचा आहे, त्यामुळे संस्थेच्या किंवा पालक संघाच्या लेटरहेडवर अर्ज करू नका, स्वतःच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं, तरी टेबलावर विचारतातच. नम्रपणे नाही म्हणा. केंद्रीय विद्यालयासारख्या केंद्र सरकारच्या कार्यालयाला अर्ज करत असाल तर कोर्ट फी स्टॅम्प नाही, पोस्टल ऑर्डर लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण पुराव्याची प्रत लागते आणि नुसत्या रेशनकार्डावरून वाद घालण्यात वेळ जातो. दाखला हाताशी नसेल तर दहा रुपये भरून मोकळे व्हा.

आता सगळ्यात जास्त अडवणारा कागद, म्हणजे खुद्द तपासणी अहवाल. शाळा म्हणते, तो गटशिक्षण कार्यालयात आहे. कार्यालय म्हणतं, शाळेला दिला. दोघंही अर्धं खरं बोलत असतात, कारण एका तपासणीचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असतात. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी भेट देऊन जातात तेव्हा शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहितात. ते शेरेबुक शाळेतच राहतं. सविस्तर अहवाल तपासणी करणाऱ्याच्या कार्यालयात जातो. आणि शाळेने त्रुटींची पूर्तता केली की नाही हे सांगणारा अनुपालन अहवाल कार्यालयाच्या आवक नोंदीत असतो, तोही आला असेल तर. मी एक शेरेबुक पाहिलं होतं. त्यात तीन वेगवेगळ्या भेटींत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नसल्याचा तोच शेरा होता. एकाही शेऱ्याखाली पूर्ततेची नोंद नव्हती. त्या शाळेबद्दल मला जे कळायचं होतं ते त्या तीन पानांतच कळलं.

म्हणून तिन्ही कागद नावानिशी मागा. वर्णनाच्या रकान्यात साधारण असं लिहा: "१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत अमुक शाळेच्या (यू-डायस क्रमांक अमुक) झालेल्या तपासणी व भेटींच्या अहवालांच्या प्रती, त्या कालावधीतील शेरेबुकाच्या पानांच्या प्रती, तपासणीनंतर शाळेला पाठवलेली पत्रे व शाळेकडून आलेले अनुपालन अहवाल." यू-डायस म्हणजे शाळेला दिलेला सरकारी ओळख क्रमांक. कालावधीचा रकाना रिकामा सोडू नका. 'आजपर्यंतची सर्व' असं लिहिलंत की माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याचं उत्तर ठरलेलं.

अर्ज कोणाकडे? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेसाठी पंचायत समितीचा शिक्षण विभाग, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), महापालिका शाळांसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक आहेत. पत्ता चुकला म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) नुसार पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तरीही नीट शोधून द्या, कारण त्या हस्तांतरणातच आठवडे जातात.

खासगी शाळांबद्दल मोठा गैरसमज आहे. अनुदानित शाळा 'आम्ही खासगी संस्था' म्हणून हात वर करतात. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्था या कायद्याखाली येऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात म्हटलं आहे. विनाअनुदानित शाळेकडे थेट अर्ज करण्यात अर्थ नाही. तिच्या मान्यतेचे आणि तपासणीचे कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडे असतात, ते तिथे मागा. शिवाय दुसऱ्या कायद्यान्वये सरकारी कार्यालय एखाद्या खासगी संस्थेकडून जी माहिती घेऊ शकतं, तीही कलम २(च) मधल्या 'माहिती'च्या व्याख्येत येते. अर्जात हे कलम लिहाच.

मागताना एक काळजी घ्या. एखाद्या शिक्षकाचा गोपनीय अहवाल किंवा त्याच्यावरची वैयक्तिक कारवाई मागू नका. गिरीश देशपांडे प्रकरणातल्या २०१२ च्या निकालापासून ती माहिती वैयक्तिक मानली जाते आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय मिळत नाही. तुमचा रोख शाळेवर ठेवा, माणसावर नाही. अहवालात कुणाचा वैयक्तिक तपशील असेल तर तेवढा झाकून उरलेला अहवाल द्यायची तरतूद कलम १० मध्ये आहे. तपशिलाचं निमित्त करून पूर्ण अहवाल नाकारला, तर अपिलात हेच कलम पुढे करा.

ठेक्याच्या अर्जात अडचण वेगळी. पोषण आहार असो, वाहतूक असो की स्वच्छता, कार्यालय ठेकेदाराला 'त्रयस्थ पक्ष' म्हणून कळवतं, ठेकेदार हरकत घेतो आणि तुम्हाला पत्र येतं: त्रयस्थ पक्षाची हरकत असल्याने माहिती देता येत नाही. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. कलम ११ मध्ये ठेकेदाराला दहा दिवसांत म्हणणं मांडायची संधी आहे, नकाराधिकार नाही. निर्णय जनमाहिती अधिकाऱ्याने (कार्यालयात माहितीचे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने) स्वतः, अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत, कारणं देऊन घ्यायचा असतो. व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(घ) लावलं असेल तर कोणत्या कागदात कोणतं गुपित आहे हे त्यांनी सांगायला हवं. सरकारी पैशातून किती दराने काय घेतलं, यात गुपित कसलं?

मागायचे कागद: निविदा सूचना, दरांचा तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ किंवा पुरवठा आदेश, अदा केलेली देयके आणि दंड आकारला असल्यास त्याचे आदेश. हा शेवटचा कागद लोक विसरतात, आणि खरी देखरेख तिथेच दिसते. करारात निकृष्ट पुरवठ्यासाठी दंडाची अट असेल आणि तक्रारी येऊनही दंडाचा एकही आदेश नसेल, तर विचारायचं काय ते तुम्हाला कळेल. पोषण आहारासाठी शाळेतली चव नोंदवही आणि साठा नोंदवहीही मागा. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, हा निकष आहे. महिन्याची पानं एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली वाटली तर झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ वही पाहायला मागा.

अवलोकनाचा हक्क लोक वापरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी जाऊन फाइल पाहा, जावक क्रमांक आणि तारखा टिपून घ्या, मग त्याच क्रमांकांनी प्रती मागा. अशा अर्जाला कुणी मोघम म्हणू शकत नाही.

आता मुदती. ३० दिवस मोजायचे ते कार्यालयाला अर्ज मिळाल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही. '१४ पानांचे २८ रुपये भरा' असं पत्र आलं की घड्याळ थांबतं आणि तुम्ही पैसे भरेपर्यंत थांबलेलंच राहतं. हे पत्र म्हणजे नकार समजून घरात ठेवून देणारे मी कितीतरी पाहिलेत. ताबडतोब पैसे भरा. मात्र ३० दिवस उलटल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) नुसार माहिती मोफत द्यावी लागते.

उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं: जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निर्णय ३० दिवसांत, लांबला तर कारण नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. खरा घोटाळा यानंतर होतो. निर्णयच येत नाही, लोक वाट पाहत बसतात आणि दुसऱ्या, म्हणजे राज्य माहिती आयोगाकडच्या अपिलाचे ९० दिवस निघून जातात. निर्णय यायला हवा होता त्या तारखेपासूनही हे ९० दिवस धावू लागतात. कॅलेंडरवर ती तारीख आजच लिहून ठेवा.

'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर ते स्वीकारू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणं हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. अपिलात शोध घेतल्याचं शपथपत्र, अभिलेख कोणाच्या ताब्यात होता त्याचं नाव आणि जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत एवढं लिहिल्यावर हरवलेली फाइल कपाटातच निघाली.