ऑफिसच्या लॅपटॉपवर पिंग चाचणी: कोणाला करता येते, तिकिटाला काय जोडायचं

"नेट चालत नाही" एवढंच लिहून आयटीकडे तिकीट टाकलं की हमखास उलटा प्रश्न येतो, पिंग करून पाहिलं का? पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का, हे पाहणारी कमांड. तेव्हा आधी पिंग करा आणि मगच तिकीट टाका.

पात्रता
विंडोजवर पिंगला अ‍ॅडमिन हक्क लागत नाहीत, साध्या लॉगिनवर चालतं. काही कंपन्या मात्र कमांड प्रॉम्प्टच (कमांड टाइप करायची खिडकी) पॉलिसीने बंद ठेवतात. तसा संदेश दिसला तर पळवाटा शोधू नका, त्याचा स्क्रीनशॉट तिकिटाला लावा आणि चाचणी आयटीवर सोडा.

चाचणीचा क्रम
स्टार्टमध्ये सीएमडी (cmd, म्हणजेच कमांड प्रॉम्प्ट) शोधा. आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा, त्यात लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग पुढचं पिंग करण्यात अर्थ नाही. पत्ता ठीक असेल तर क्रमाने डिफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता, तोही आयपीकॉन्फिगमध्येच दिसतो), मग ८.८.८.८ (गूगलचा इंटरनेटवरचा सर्व्हर) आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव पिंग करा. (आकडे अर्थात इंग्रजीतच टाइप करायचे.) ८.८.८.८ उत्तर देतंय पण नाव सापडत नाही, म्हणजे संशय डीएनएसवर, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर.

विंडोज ४ पॅकेट (छोटे संदेश) पाठवून थांबतं. नेट मधूनमधून तुटत असेल तर ४ ने काही कळत नाही. पिंग कमांडला डॅश एन १०० (-n 100) लावा, म्हणजे १०० पॅकेट जातील.

आता फसवी जागा. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" (समोरचं मशीन गाठता येत नाही) ही ओळ तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून आली, तरी विंडोज ती "मिळालेलं उत्तर" म्हणून मोजतं. खाली शून्य टक्के लॉस (हरवलेली पॅकेट) दिसतो आणि माणूस खूश होतो. म्हणून खालच्या गोळाबेरजेआधी प्रत्येक ओळ वाचा.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट" (वेळेत उत्तर नाही) आलं म्हणजे सर्व्हर बंद आहे असंही नाही. कधीकधी कंपनीचा फायरवॉल किंवा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) पिंग अडवतो आणि तीच साइट ब्राउझरमध्ये आरामात उघडते. अशा वेळी पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने (Test-NetConnection) ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबसाइट वापरतात तो मार्ग) तपासलेला बरा.

कागदपत्रे
मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको. कमांडचा मजकूर कॉपी करून चिकटवा. सोबत लॅपटॉपवरचा अ‍ॅसेट टॅग (कंपनीने चिकटवलेला नंबर), चाचणीची नेमकी वेळ, घर की ऑफिस, वायफाय की केबल आणि व्हीपीएन चालू होता की बंद, हे लिहा. जमलं तर व्हीपीएन चालू आणि बंद, दोन्ही निकाल द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचतो. हं, व्हीपीएन बंद करायची मुभा नसेल तर तसंच लिहा. शेजारच्या सहकाऱ्याचं नेट चालतंय का, हेही एका ओळीत कळवा.

आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा (ipconfig /all) निकालही लागतो. त्यात मशीनचं नाव आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) असतो, त्यामुळे तो फक्त तिकिटालाच जोडा, टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही.