गिझरची खुंटी आणि विसणाचं गणित

थंडी पडली की गिझरखालची खुंटी शेवटपर्यंत पिळायची आणि उन्हाळ्यात मागे आणायची, हा अनेक घरांतला रिवाज. तरी पाणी कधी कढत, कधी गार येतंच. गिझरमधलं पाणी ठरावीक तापमानाला थांबलेलं असतं, हा मुळात आपला गैरसमज आहे.

ही खुंटी असते थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणाऱ्या भागाची. बऱ्याच गिझरमधला थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची एक बारीक नळी आणि तिच्यात इन्व्हारची सळई. इन्व्हार हा लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू. तापला तरी तो जवळजवळ वाढतच नाही. पितळ मात्र वाढतं. पाव मीटर लांबीची नळी 40 अंशांनी तापली, की दोन्हींच्या लांबीत जेमतेम 0.2 मिलिमीटर फरक पडतो. तेवढ्यावर थर्मोस्टॅटमधलं बटण बंद होतं आणि कॉइल तापायची थांबते. इन्व्हार शोधणाऱ्या शार्ल गिय्योम यांना 1920चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं सारं लक्ष होतं अचूक मोजमापांवर. आपल्या अंघोळीची सोय आपसूक झाली.

बटण ज्या तापमानाला बंद होतं, त्याच तापमानाला पुन्हा चालू झालं असतं तर ते सतत तडतडत राहिलं असतं आणि ठिणग्यांनी जळून गेलं असतं. म्हणून दोन्हींमध्ये काही अंशांची फट मुद्दाम ठेवतात. टाकीतलं पाणी त्या फटीत वर-खाली होत राहतं.

आपण नळ सोडला की गार पाणी टाकीच्या तळाशी शिरतं आणि हलकं गरम पाणी वरच्या बाजूने बाहेर पडतं. गार थर वर पोचेपर्यंत सगळं छान चालतं, मग पाणी भराभर निवतं. कॉइल तोवर चालू झालेली असते. पण 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60वर न्यायला 2 किलोवॉटच्या कॉइलला साधारण 21 मिनिटं लागतात. शॉवरखाली उभ्या माणसाला ती कशी गाठणार?

आता विसण. अंगाला सोसतं ते साधारण 40 अंशांचं पाणी. 60 अंशांच्या 15 लिटरमध्ये 20 अंशांचं 15 लिटर गार पाणी घातलं, की 40 अंशांचं 30 लिटर पाणी होतं. खुंटी 75वर नेली तर तेवढ्याच गिझरमधून सुमारे 41 लिटर निघतं. म्हणजे खुंटी ठरवते ते पाणी किती पुरेल एवढंच. अंगावर येणारी ऊब ठरते मिक्सरवर. माझं मत विचाराल तर 60च्या आसपास ठेवावी. त्याहून वर नेल्यास उष्णता वाया जाते आणि क्षारही जास्त बसतात. फार खालीही नको, कारण 20 ते 45 अंशांच्या साठलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढतो. मात्र 60 अंशांचं पाणी सुमारे पाच सेकंदांत कातडी गंभीर भाजतं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग कढत.

शॉवर चालू असताना कुणी फ्लश ओढला की अंगावर चटका बसतो, त्यात गिझरचा काही दोष नसतो. गार पाण्याच्या पाइपातला दाब क्षणभर पडतो आणि विसण कमी होतं. गच्चीवरच्या टाकीखालच्या मजल्यावर हा त्रास जास्त, कारण दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो आणि तिथे तीनच मीटर असतात. फ्लशला टाकीपासून वेगळी लाइन घेणं हा खरा उपाय. थर्मोस्टॅटिक मिक्सरही चालतो, त्यातलं मेण तापमानानुसार फुगून-आकसून विसण आपोआप सावरतं; पण दाब फारच कमी असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

इन्स्टंट गिझरची तऱ्हा निराळी. 3 किलोवॉटचा गिझर मिनिटाला 3 लिटर पाण्याचं तापमान फक्त 14 अंशांनी वाढवतो. टाकीतलं पाणी 25 अंशांचं असेल तर बेत जमतो. नाशिकच्या जानेवारीत ते 15 अंशांचं असलं, तर मिळतं 29 अंशांचं कोमट पाणी. अशा वेळी नळ बारीक करावा. धार निम्मी झाली की वाढ दुप्पट होते.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षारांचा पापुद्रा धरतो. मग थर्मोस्टॅटला तापमानाची बातमी उशिरा कळते आणि चढउतार वाढतात. प्लंबर थर्मोस्टॅट बदलायला निघालाच, तर आधी कॉइल बाहेर काढून दाखवायला सांगा.