जॉबर रजेवर गेला की माग का अडतो?
(यंत्रमाग, टॉवेल आणि गारमेंट कारखानदारांसाठी माहितीपत्रक)

गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत हजेरी कमी असते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पण त्या दिवसांत जॉबर (माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर) किंवा रंगमास्तर अशी ठरावीक एक-दोन माणसं नसली की काम अडतं आणि मालक फोन लावत बसतात. त्या एक-दोघांच्या डोक्यात जे आहे, ते बाकीच्यांच्या हाताशी यावं, एवढंच आमचं काम.

अक्कलकोट रोडची एमआयडीसी असो की चिंचोलीची, कागद सगळीकडे असतात. रंगखात्याचंच बघा. रंगछटांच्या (शेडच्या) रजिस्टरमध्ये रंग किती टक्के, मीठ किती, सोडा किती, सगळं लिहिलेलं. तरी मे महिन्यात तोच मरून रंग मळकट उतरतो आणि पार्टी लॉट परत पाठवते. कारण पाणी. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त. त्यात रिॲक्टिव्ह (सुती कापडाचे) रंग नीट चढत नाहीत. रंगमास्तरला हे ठाऊक असतं. टँकर आला की तो आधी पाणी बघतो, मगच माल सोडतो. रजिस्टरमध्ये मात्र पाण्याचा रकानाच नाही. असे राहून गेलेले रकाने आम्ही शोधतो.

त्यासाठी आम्ही मागाशेजारी उभे राहतो. टेरीचा (टॉवेलच्या कापडाचा) पाइल, म्हणजे वरचे फासे, कमी-जास्त झाला तर जॉबर आधी कुठे हात घालतो, पाइल बीमच्या (फाशांचं सूत गुंडाळलेल्या रुळाच्या) ताणाकडे की आणखी कुठे, ते मोबाइलवर दोन-तीन मिनिटांत टिपतो. तो तेलुगूत सांगत असेल तर तेलुगूतच; मराठीत बोलायला लावलं की निम्मं राहून जातं. त्यावरून एक कार्ड बनतं आणि ते मशीनपाशीच लागतं. मग नवख्या माणसाला फक्त कार्ड बघून काम करायला सांगतो. तो जिथे अडतो, तिथे कार्ड चुकलं असं धरून दुरुस्त करतो.

व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाला उत्तम. पण सहा महिन्यांपूर्वीचा फोटो 'गुड मॉर्निंग'च्या ढिगातून कोण उपसणार? सॉफ्टवेअर आम्ही विकत नाही. कार्डं वापरात आली आणि पुढे गरज वाटली, तर तेव्हा बघता येईल.

खरी अडचण माणसांची असते. 'सगळं सांगून टाकलं तर उद्या माझी गरज काय?' ही भीती खोटी नाही. पीसरेटवरच्या (नगाप्रमाणे मजुरी मिळणाऱ्या) कामगाराचा तर शिकवण्यात गेलेला तास थेट मजुरीतून जातो. म्हणून त्या तासाचे पैसे मालकांनी द्यावेत आणि कार्डावर सांगणाऱ्याचं नाव असावं, ही आमची अट आहे. ती मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही.

एक्सपोर्टवाल्यांसाठी : आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ आहे. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, जपा आणि गरजेपुरतं उपलब्ध ठेवा, असं ते सांगतं. सगळं लेखीच हवं, असा त्याचा आग्रह नाही. त्यामुळे ऑडिटसाठी जाडजूड फायली करायला आम्ही सांगणार नाही.

कार्डं, व्हिडिओ, रेसिपी सगळं तुमच्याच ताब्यात राहतं. सोलापुरात शेजारचा कारखाना बहुतेक वेळा पाहुण्याचाच निघतो. तुमची गोष्ट तिकडे जाणार नाही, हे करारातच लिहून देतो.

पहिल्या भेटीला पाळी बदलायच्या वेळी बोलवा, म्हणजे दोन्ही पाळ्यांचे जॉबर भेटतील. तोवर एकच करा : सुट्टीच्या दिवशी कुणाला सर्वांत जास्त फोन जातात, त्यांची नावं काढून ठेवा.