आकाशाचा पत्ता सांगणारी चित्रे : १५१५च्या छापील तारानकाशांची पार्श्वभूमी

जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे १५१५ साली कोरीव लाकडी ठशांवरून आकाशाचे दोन नकाशे छापले गेले, एक उत्तर गोलार्धाचा आणि दुसरा दक्षिण गोलार्धाचा. युरोपात छापलेले हे पहिले तारानकाशे मानले जातात. दक्षिण नकाशाच्या कोपऱ्यात तिघांच्या कामाची नोंद आहे : योहानेस स्टाबियसने आखणी केली, कॉनराड हाइनफोगेलने तारे बसवले आणि आल्ब्रेख्ट ड्यूररने त्यांना चित्रांनी वेढले.

ड्यूररच्या कीर्तीमुळे हे नकाशे आज चित्रकलेचे नमुने म्हणून पाहिले जातात आणि त्यांतील सिंह, वृषभ, शिकारी या आकृत्या निव्वळ शोभेच्या आहेत असा समज होतो. हा समज त्या काळाच्या खगोलशास्त्रावर अन्याय करणारा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या यादीत ४८ तारकासमूहांतील हजारावर ताऱ्यांचे भोग आणि शर (आकाशातील स्थान सांगणारे दोन कोन) दिलेले आहेत, पण प्रत्येक ताऱ्याची ओळख आकृतीच्या अवयवावरून करून दिलेली आहे. आपली रोहिणी तेथे वृषभाच्या डोळ्यात आहे, मघा सिंहाच्या हृदयाशी आणि आर्द्रा शिकाऱ्याच्या उजव्या खांद्यावर. नकला करताना आकडे बिघडत. अशा वेळी खांदा किंवा डोळा हाच ताऱ्याचा भरवशाचा पत्ता ठरे. म्हणूनच ड्यूररची रेषा जेथे चुकली असती, तेथे ताराही चुकला असता.

या नकाशांतील माणसे आपल्याकडे पाठ करून उभी आहेत. आकाशाची प्रतिकृती असलेल्या गोलाकडे बाहेरून पाहावे तसे आकाश येथे उलटे दाखवले आहे. त्यामुळे आकृत्या पाठमोऱ्या काढल्या की टॉलेमीचा उजवा खांदा उजवाच राहतो. दहाव्या शतकात अल-सूफी या ज्योतिर्विदाने प्रत्येक तारकासमूह आकाशात दिसतो तसा आणि गोलावर दिसतो तसा, असा दोन्ही प्रकारे काढला होता. उत्तर नकाशाच्या चार कोपऱ्यांत ग्रीक कवी अराटस, टॉलेमी आणि रोमन कवी मॅनिलियस यांच्यासोबत अरबी परंपरेच्या या अल-सूफीलाही स्थान आहे, आणि ते ऋण इतक्या उघडपणे मान्य केलेले पाहून आदर वाटतो.

दक्षिण नकाशाचा मधला भाग मात्र जवळजवळ कोरा आहे. अलेक्झांड्रियातून जे तारे क्षितिजावर येतच नव्हते, त्यांच्या जागी तिघांनी कल्पनेने काही भरले नाही.

१६०३ साली आउग्सबुर्ग येथे योहान बायरचा तारापट, म्हणजे तारानकाशांचे पुस्तक, प्रसिद्ध झाला. तोपर्यंत लाकडाची जागा तांब्याच्या पत्र्याने घेतली होती. अलेक्झांडर मेअरने कोरलेल्या बारीक रेषांत डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची अधिक काटेकोर मापे मावू शकली. बायरने ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली आणि ताऱ्याचा पत्ता अवयवावाचून सांगता येऊ लागला. पण आकाश जमिनीवरून दिसते तसे सुलटे मांडूनही त्याने अनेक आकृत्या पाठमोऱ्याच ठेवल्या. त्यामुळे टॉलेमीच्या वर्णनातील उजवे-डावे उलटले, आणि याबद्दल पुढे इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड याने त्याला स्पष्ट दोष दिला.

दक्षिणेची कोरी जागाही याच पुस्तकात भरली. १५९५ साली पूर्वेकडील बेटांकडे निघालेल्या डच जहाजांवरच्या पीटर केझर आणि फ्रेडरिक द हाउटमन यांनी केलेल्या निरीक्षणांतून १२ नवे तारकासमूह आकाराला आले होते. बायरच्या ४९व्या पटावर ते एकत्र दिसतात, आणि त्यांत ग्रीक पुराणातल्या वीरांऐवजी खलाशांना वाटेत भेटलेले मोर, सरडा आणि उडता मासा आहेत.