नव-शापेल: खडकीचे सॅपर्स लढले ते फ्रान्समधलं गाव

उत्तर फ्रान्समध्ये, बेथ्यून शहरापासून जवळच, नव-शापेल नावाचं एक छोटं गाव आहे. फ्रेंचमधला 'नव' म्हणजे आपलाच 'नव'. गावाच्या नावाचा अर्थ 'नवं चॅपेल'. आसपासचा मुलूख सपाट आणि पाणथळ. थोडं खणलं की पाणी लागतं, त्यामुळे पहिल्या महायुद्धात इथले खंदक कायम चिखलानं भरलेले असत.

सप्टेंबर 1914 च्या अखेरीस ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या लाहोर डिव्हिजनचे जवान मार्सेय बंदरात उतरले. त्यांच्यासोबत तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. ही पलटण पुण्याजवळच्या खडकीची, म्हणजे आजचे बॉम्बे सॅपर्स. तिच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. सॅपरचं काम पूल बांधायचं, रस्ते करायचं, खंदक खणायचं, सुरुंग लावायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी नव-शापेल जर्मनांच्या हाती पडलं. ते परत घ्यायला 28 ऑक्टोबरला 47 व्या शीख पलटणीबरोबर या दोन्ही कंपन्यांना पाठवण्यात आलं. पायदळ अपुरं पडलं म्हणून कुदळ-फावड्याची माणसं संगिनी लावून उघड्या शेतातून मशिनगनच्या माऱ्यात पुढे गेली. आश्चर्य म्हणजे ती गावात घुसलीसुद्धा. गल्लीगल्लीत, घराघरात झुंज झाली. पण मागून कुमक आली नाही आणि हाती आलेलं गाव सोडून त्यांना माघारी फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले होते. वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेले कारागीर असे एका दिवसात खर्ची घालणं, ही मला या युद्धातली अक्षम्य चूक वाटते.

इतिहासात 'नव-शापेलची लढाई' म्हणून नोंद आहे ती यानंतरची, 10 ते 13 मार्च 1915 ची. विमानांतून काढलेल्या फोटोंवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार झाले. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या आणि 35 मिनिटं धडधडत राहिल्या. मग मेरठ डिव्हिजन आणि ब्रिटिशांची 8 वी डिव्हिजन चालून गेली, आणि गाव त्याच दिवशी ताब्यात आलं. गढवाली पलटणीचे गबर सिंग नेगी या हल्ल्यात धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढचा ओबेरचा उंचवटा मात्र घेता आला नाही. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटल्या होत्या, हुकूम वेळेवर पोचेनात, आणि तेवढ्यात जर्मनांची कुमक येऊन ठेपली. जेमतेम दोन किलोमीटर जमिनीसाठी ब्रिटिशांच्या बाजूची सुमारे 11 हजार माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांत चार हजारांहून जास्त हिंदी होती.

1915 च्या अखेरीस हिंदी पायदळ मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, रवाना झालं. गावाचे हाल संपले नव्हते. 9 एप्रिल 1918 ला इथल्या पोर्तुगीज फौजेवर जर्मन तुटून पडले. गावातल्या एका क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीचे पाय आणि उजवा हात या धुमाळीत तुटला, तरी मूर्ती क्रूसावरच राहिली. 1958 मध्ये ती पोर्तुगालला देण्यात आली. आता ती बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी आहे.

गाव पार जमीनदोस्त झालं होतं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं. गावाच्या दक्षिणेला चौरस्त्यावर हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं हिंदी सैनिकांचं स्मारक 1927 मध्ये खुलं झालं. गोल आवार, दगडी जाळ्या, छत्र्या, आणि मध्ये सुमारे 15 मीटर उंच स्तंभ, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. स्तंभावर इंग्रजीखेरीज अरबी, गुरुमुखी आणि देवनागरी अक्षरं आहेत. भिंतीवर 4,700 हून अधिक नावं कोरलेली आहेत. कुठे पुरलं वा दहन केलं याचा पत्ता नसलेल्यांची ही नावं. त्यांत खडकीच्या सॅपर्सचीही आहेत.