निर्बंध आले म्हणजे परवाना गेला असे नव्हे

सहकारी बँकेच्या शटरवर रिझर्व्ह बँकेची नोटीस लागली, की सोलापुरात नवी पेठेपासून एमआयडीसीपर्यंत तासाभरात ‘बँक बुडाली’ होते. आधी कलम वाचा. बँकिंग विनियमन कायद्याचे ३५अ असेल तर परवाना शाबूत आहे, फक्त हात बांधलेत: नवे कर्ज नाही, नवी ठेव नाही, खात्यातून ठरलेल्या मर्यादेपुरतेच पैसे. मुदत बहुधा सहा महिने, आणि ती वाढू शकते. कलम २२ खाली परवानाच रद्द झाला, तर बँकिंग कायमचे थांबते आणि सहकार निबंधक अवसायक, म्हणजे बँकेची वसुली करून देणी भागवणारा अधिकारी, नेमतात.

सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेत दोन्ही टप्पे दिसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध, काढता येणार १,००० रुपये; यंत्रमागवाल्याच्या एका कामगाराचा बटवडा, म्हणजे मजुरीही, त्यात भागत नाही. परवाना रद्द झाला २२ सप्टेंबर २०२२ ला.

खरा घोळ ठेवींच्या विम्याचा. पूर्वी परवाना गेल्यावरच विमा मिळे, म्हणून लोक अजूनही वाट पाहत बसतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठेवी अडवणारे निर्बंध लागले की ९० दिवसांचे घड्याळ सुरू होते. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची, मग पडताळणी, मग पैसे. विलीनीकरणाच्या हालचाली असल्या तर आणखी ९० दिवस लागू शकतात. तुमचे काम एवढेच: संमतीपत्र, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील वेळेत देणे. पासबुकावर एक नाव नि आधारवर दुसरे, इथेच बरेच दावे अडकतात.

मर्यादा ५ लाखांची, तीही मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. ४,६०,००० च्या ठेवीवर ५५,००० व्याज चढले असेल, तरी हाती ५,००,०००च. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याची मर्यादा वेगळी धरली जाते. वरची रक्कम अवसायकाच्या वसुलीवर, म्हणजे बरीचशी नशिबावर. गृहनिर्माण सोसायटीने सगळा निधी एकाच बँकेत ठेवला असेल, तर तीही एकच ठेवीदार. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाहीच.

कर्जदारांना मात्र दोन्ही नोटिसा सारख्याच: हप्ता थांबत नाही. ठेव ४ लाख आणि त्याच बँकेचे तुमच्याकडून येणे दीड लाख असेल, तर विम्याचा हिशेब अडीच लाखांवर होतो.