हातभरणी : अर्धस्वयंचलित लक्ष्यवेधी रायफलीची काडतुसे

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, तिच्यात नवा प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजलेली दारू आणि निवडलेली गोळी बसवायची, या कामाला हातभरणी किंवा पुनर्भरणी म्हणतात. शिकारी ती बहुधा काटकसरीसाठी करतात, तर लक्ष्यवेधी नेमबाज अचूकतेसाठी. अर्धस्वयंचलित रायफलीत प्रत्येक गोळीसाठी चाप वेगळा ओढावा लागतो, पण रिकामी पुंगळी फेकून पुढचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) ढकलण्याचे काम रायफल स्वतः करते. त्यामुळे तिच्या काडतुसावर दुहेरी जबाबदारी येते : आधी यंत्रणा बिनचूक चालवणे, मग गोळी एकाच जागी नेणे. हातभरणीचे बहुतेक नियम या क्रमातून निघालेले आहेत.

या विषयाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेतील ‘सर्व्हिस रायफल’ (सैनिकी धाटणीच्या रायफलींच्या) स्पर्धांत साठला आहे. तेथील राष्ट्रीय सामने 1903 मध्ये सुरू झाले आणि 1907 पासून ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे भरू लागले. आरंभीची रायफल हाताने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) ओढायची स्प्रिंगफील्ड होती. जॉन गॅरंड यांची एम-1 ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकी सैन्याने 1936 मध्ये स्वीकारली. 1957 मध्ये एम-14 आली, आणि पुढे 5.56 मिमी. व्यासाच्या एम-16 घराण्याने स्पर्धांतही जम बसवला. नेमबाजी 200, 300 आणि 600 यार्डांवरून होते. 600 यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 12 इंचांचे आणि त्यातले ‘एक्स’ वर्तुळ 6 इंचांचे असते. एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) त्या अंतरावर सुमारे सव्वासहा इंच भरते. म्हणजे रायफल, काडतूस आणि माणूस या तिघांची मिळून चूक एका मिनिटाच्या आसपास राहिली, तरच ‘एक्स’ची आशा धरता येते.

उगम : हातभरणी केव्हा सुरू झाली याबद्दल एकमत नाही. तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक नेमबाज शिसे स्वतः ओतून दारू स्वतःच मापत असे, म्हणून काही लेखक आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. दुसरे मत तो मध्यभागी प्रायमर असलेल्या धातूच्या काडतुसापासून, म्हणजे साधारण 1860च्या दशकाच्या उत्तरार्धापासून धरते. पुंगळी परत वापरणे हेच या क्रियेचे मर्म मानले तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या दशकात दोन रचना पुढे आल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या प्रायमरमध्ये आघात झेलणारी ऐरण प्रायमरच्याच आत असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकी हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या तळाचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना बहुधा दोन छिद्रे असतात. इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली, अमेरिकनाची युरोपात. बॉक्सर पुंगळीतला जुना प्रायमर मधल्या छिद्रातून सळई घालून सहज पाडता येतो, बर्डन पुंगळीत ते जमत नाही. हातभरणी अमेरिकेत घरोघरचा छंद झाली, त्यामागे इतर कारणांबरोबर या एका छिद्राचाही वाटा असावा. जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीची हातभरणीची अवजारे 1880च्या दशकात बाजारात आली होती.

दारू आणि वायुदाब : गॅरंडमध्ये नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून थोडा वायू खेचला जातो आणि तो ऑपरेटिंग रॉड (बोल्टला मागे नेणारी सळई) मागे ढकलतो. दारू फार सावकाश जळणारी असली, तर गोळी छिद्राजवळ पोहोचते तेव्हा तेथे दाब जास्त उरलेला असतो. रॉड प्रमाणाबाहेर जोराने मागे येतो आणि कालांतराने वाकतो. म्हणून मध्यम वेगाने जळणारी दारू निवडतात. तिचे नमुनेदार उदाहरण म्हणजे 4895 या क्रमांकाने ओळखली जाणारी दारू. दुसऱ्या महायुद्धात .30-06 या सैनिकी रायफल-काडतुसांत ती भरली जात असे. युद्ध संपल्यावर उरलेला साठा ब्रूस हॉजडन यांनी नागरिकांना विकला आणि हातभरणीला मोठी चालना मिळाली. बोल्ट रायफलीत चाललेले मिश्रण गॅरंडमध्ये जसेच्या तसे उचलू नये, याचे कारण हेच. सैनिकी पुंगळ्यांचे पितळ पुष्कळदा जाड असते. त्यामुळे आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो. उत्पादकाच्या छापील तक्त्यातील किमान मापापासून सुरुवात करण्याला येथे पर्याय नाही.

दारू प्रत्येक वेळी तोलावी की मापाने टाकावी, यावर नेमबाजांत दोन तट आहेत. 4895 सारख्या नळकांडी कणांच्या दारूचे माप थोडे मागेपुढे होते. एका काडतुसाचा वेग 2,600 फूट प्रतिसेकंद आणि दुसऱ्याचा 30 फुटांनी कमी असेल, तर 600 यार्डांवर दुसरी गोळी अंदाजे अडीच ते तीन इंच खाली बसते. 200 यार्डांवर हा फरक जाणवतही नाही. जवळच्या टप्प्यांसाठी माप, 600 साठी तराजू ही अनेकांची तडजोड समर्थनीय वाटते.

पुंगळी : बोल्ट रायफलीचे नेमबाज कधीकधी पुंगळीची फक्त मान आवळतात, जेणेकरून बाकीचा देह त्याच चेंबरच्या मापाचा राहावा. अर्धस्वयंचलित रायफलीला हे चालत नाही. तिचा बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो, घट्ट पुंगळी दाबून बसवायला तेथे माणसाचा हात नसतो. म्हणून पुंगळी पूर्ण लांबीच्या साच्यातून काढावीच लागते. मात्र खांदा गरजेपेक्षा मागे सरकवला, तर पुंगळी प्रत्येक वेळी बार उडताना ताणली जाते, तळाच्या थोडे वर पातळ होते आणि शेवटी तेथेच तुटते. एम-14 सारख्या रायफलीतून निघालेल्या पुंगळ्या म्हणूनच थोड्याच वेळा भरून टाकून देतात.

अकाली बार : चाप न ओढता, बोल्ट बंद होतानाच काडतूस उडण्याची घटना विरळ असली तरी गंभीर आहे. गॅरंड, एम-14 आणि एम-16 यांच्या फायरिंग पिनला (प्रायमरवर आघात करणाऱ्या सुईला) मागे रोखून धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट पुढे आदळला की पिन स्वतःच्या गतीने प्रायमरला हलकी टिचकी मारते. एक मत दोष नरम, अतिसंवेदनशील प्रायमरला देते. दुसरे मत पुंगळीच्या तळापेक्षा वर राहिलेल्या प्रायमरकडे बोट दाखवते. तिसरे मत पुरेशी न आवळलेली पुंगळी आणि झिजलेले भाग यांना कारण मानते. एम-16 मध्ये 1960च्या दशकात हीच अडचण आली, तेव्हा पिन हलकी करण्यात आली आणि प्रायमरच्या संवेदनशीलतेला मर्यादा घालण्यात आली. यावरून पहिल्या मताला बळ मिळते. तरी उंच बसलेला प्रायमर ही भरणाऱ्याच्या थेट हातातली चूक आहे. प्रत्येक काडतुसाच्या तळावरून बोट फिरवून प्रायमर किंचित खाली असल्याची खात्री करणे ही जुनी सवय कोणत्याही सिद्धान्तापेक्षा उपयोगी ठरली आहे.

गोळी आणि लांबी : काडतूस मॅगझिनमध्ये (रायफलीला जोडलेल्या काडतुसांच्या पेटीत) मावले पाहिजे. एम-16 ज्या घराण्यातली आहे त्या एआर-15 घराण्यात ही लांबी सुमारे 2.26 इंच आहे. त्यामुळे गोळी नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचांच्या) जवळ बसवून अचूकता वाढवण्याची युक्ती येथे मर्यादित राहते. जलद फेरीत 69 किंवा 77 ग्रेनच्या गोळ्या मॅगझिनमधून, आणि 600 यार्डांच्या संथ फेरीत 80 ग्रेनच्या लांब गोळ्या एकेक करून हाताने भरायच्या, अशी वाट स्पर्धकांनी काढली. (एक ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम.) लांब गोळीला फिरकी जास्त लागते. मूळ एम-16 च्या नळीत 12 इंचांत एक फेरा होता, 1980च्या दशकातील एम-16ए2 मध्ये तो 7 इंचांत एक झाला. स्पर्धेच्या नळ्यांत 8 इंचांत एक हे प्रमाण बरेच आढळते. .30 व्यासात सिएरा कंपनीची 168 ग्रेनची मॅचकिंग गोळी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

मानेची पकड गोळी जागची हलू नये इतकी घट्ट असावी लागते, कारण मॅगझिनमधून वर येताना तिला धक्का बसतो. मान गोळीभोवती दाबून आवळण्याबाबत मतभेद आहेत. लक्ष्यवेधी काडतुसांत तसे न करण्याकडे कल दिसतो.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. शिवाय येथील स्पर्धात्मक नेमबाजीचा भर एअर रायफल आणि .22 रिमफायरवर आहे. स्वप्नील कुसाळे यांना 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले ती 50 मीटर थ्री पोझिशन्स स्पर्धा रिमफायरचीच. रिमफायर पुंगळीत स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपते, त्यामुळे ती व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही. हे नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट सर्वांत जवळजवळ बसतो त्याचाच साठा करून ठेवतात.